भूक पोटाची की मनाची?



गोठ्यातल्या गाईने एक वेळ गव्हाणीत तोंड घातले नाही, तरी आपल्या ते लगेच ध्यानात येते. आपण तिच्या कानाला हात लावून ताप पाहतो, पोट फुगले आहे का ते पाहतो, शेण पाहतो, रवंथ करते की नाही इकडे लक्ष ठेवतो. वासरू नुकतेच विकले असेल तर ‘ती वासरासाठी झुरते आहे’ असेही म्हणतो. जनावर मुके, पण त्याच्या हंबरण्यावरून भूक कोणती, तहान कोणती आणि भीती कोणती, हे शेतकऱ्याला कळते.

हाच शेतकरी आणि त्याच्या घरची माणसे स्वतःच्या बाबतीत मात्र पुष्कळदा अडाणी ठरतात. जीव कासावीस होतो, पण काय झाले ते सांगता येत नाही. ‘काही नाही, जरा कसेतरी होते’ एवढेच शब्द तोंडातून निघतात, आणि हात फडताळातल्या डब्याकडे जातो. आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखता न येणे आणि अंगावर चरबी चढणे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो कसा, आणि त्यावर घरच्या घरी काय करता येईल, हे या पाठात पाहू. घरातल्या एकाने मोठ्याने वाचावा व इतरांनी ऐकावा.

१. एक घर डोळ्यांसमोर आणा

समजा, आपल्यासारख्याच एका शेतकरी घरात पंचेचाळिशीची एक बाई आहे. पहाटे उठून दोन म्हशींच्या धारा काढते, सर्वांचे करते, रविवारी मिस्सा चुकवत नाही. वजन मात्र दरवर्षी वाढत चालले आहे. गुडघे दुखतात, रक्तदाब वाढला आहे. दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, ‘बाई, खाणे कमी करा.’ ती म्हणते, ‘डॉक्टर, मी दोन वेळा एकेक भाकरी खाते. आणखी काय कमी करू?’

बाई खोटे बोलत नाही. तिचे जेवण खरोखरच तेवढे आहे. पण दिवस नीट पाहिला तर वेगळेच दिसते. गावाबाहेर कामाला गेलेल्या मुलाचा दोन दिवस फोन आला नाही. त्या सकाळी चहाबरोबर चार खारी गेल्या. जाऊबाईने वाटणीचा विषय काढला. ती गेल्यावर चिवड्याचा डबा अर्धा झाला. दुपारी सारे शेतावर गेले, घर रिकामे झाले. तेव्हा उभ्या उभ्याच रात्रीचा उरलेला भात संपला. कोणी विचारले की ‘त्या वेळी तुम्हाला काय वाटत होते?’, तर ती म्हणेल, ‘काय वाटायचे? भूक लागली होती.’

पहिल्या वेळी तिला काळजी होती, दुसऱ्या वेळी राग होता, तिसऱ्या वेळी एकटेपणा होता. तिन्ही वेळा छातीत दाटले, हात अस्वस्थ झाले, पोटात कसेतरी झाले. तिने त्या तिन्हींना एकच नाव दिले : भूक.

तिच्या धन्याचेही फार वेगळे नाही. ऊस तुटून गेला, बिल हाती आले नाही, सोसायटीचा हप्ता जवळ आला. ‘मला कसली काळजी?’ असे तो म्हणतो. पण रोज संध्याकाळी तिठ्यावर जाऊन भज्यांची एक बशी होते, आणि काही दिवसांनी बशीच्या जोडीला बाटली येते. आपण काही लपवतो आहोत असे त्यालाही वाटत नाही. खरोखरच त्याला ते कळलेले नसते.

२. या अवस्थेला नाव कसे मिळाले

ही गोष्ट प्रथम बारकाईने पाहणाऱ्यांपैकी एक म्हणजे डॉ. हिल्डे ब्रुख. त्यांचा जन्म १९०४ साली जर्मनीत एका ज्यू घराण्यात झाला. हिटलरच्या राजवटीमुळे १९३३ साली त्यांनी देश सोडला आणि पुढल्या वर्षी त्या अमेरिकेत पोचल्या. न्यू यॉर्कमध्ये लहान मुलांच्या रुग्णालयात काम करताना त्यांच्याकडे लठ्ठ मुले तपासणीसाठी येत. त्या काळी अशा मुलांच्या शरीरातील ग्रंथी बिघडलेल्या असतात, असा समज होता. डॉ. ब्रुख यांनी मुलांना तपासले, आणि त्यांच्या घरांचीही चौकशी केली. बहुतेक मुलांच्या ग्रंथी ठीक होत्या. मात्र अनेक घरांत एक गोष्ट दिसली. मूल रडले की खाऊ, घाबरले की खाऊ, कंटाळले की खाऊ. रडण्याचे कारण कोणतेही असो, उत्तर एकच.

असे वाढलेले मूल मोठे झाले तरी भूक आणि इतर अस्वस्थता यांतला फरक शिकत नाही, असे त्यांचे मत बनले. भूक ही जन्मतःच येते. पण ती ‘भूक’ म्हणून ओळखणे हे शिकावे लागते, असे त्या म्हणत. १९७३ साली त्यांनी खाण्याच्या विकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास बॉस्टन शहरात डॉ. पीटर सिफनिओस हे ग्रीसमध्ये जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ काम करीत होते. त्यांच्याकडे येणारे काही रोगी शरीराच्या तक्रारी अगदी तपशिलाने सांगत. पण ‘तेव्हा तुम्हाला कसे वाटले?’ असे विचारले की गप्प होत. सांगायचे नव्हते असे नाही. सांगायला शब्दच नव्हते. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डॉ. सिफनिओस यांनी या अवस्थेला ‘अलेक्झिथायमिया’ हे नाव दिले. शब्द ग्रीक आहे; त्याचा अर्थ ‘भावनेला शब्द नसणे’. हा वेडेपणा नव्हे, आणि निराळा रोगही नव्हे. कोणाची दृष्टी जन्मतः थोडी मंद असावी, तशी ही मनाच्या नजरेची मंदता आहे. कोणात ती कमी असते, कोणात जास्त.

ती मोजण्यासाठी कॅनडातील तज्ज्ञांनी २० वाक्यांची एक प्रश्नावली तयार केली. आज वापरली जाणारी तिची आवृत्ती १९९४ सालची आहे. तीत तीन गोष्टी पाहतात : भावना ओळखता येते का, ती दुसऱ्याला सांगता येते का, आणि माणूस आतल्या गोष्टींपेक्षा केवळ बाहेरच्या घडामोडींतच गुंतलेला आहे का. फिनलंड देशात ही प्रश्नावली सर्वसामान्य लोकांना दिली, तेव्हा सुमारे १३ टक्के लोकांत ही अवस्था आढळली. पुरुषांत १७ टक्के आणि स्त्रियांत १० टक्के. ही पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली.

पुढे अनेक देशांत लठ्ठ माणसांना हेच प्रश्न विचारले गेले. ज्यांना मधूनमधून खाण्याचा झटका येतो, म्हणजे थोड्या वेळात पुष्कळ खाल्ले जाते आणि हात आवरत नाही, अशांमध्ये भावना ओळखण्याची अडचण इतरांपेक्षा जास्त दिसली. लठ्ठ असलेल्या प्रत्येकात ती असते, असे मात्र नाही.

३. सरमिसळ कशी होते

आपल्या मायबोलीकडेच पाहा. आपण राग गिळतो, अश्रू गिळतो. गुपित पोटात ठेवतो, दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो. भीतीने पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे दुःख पाहून पोटात कालवते. आपल्या वाडवडिलांनी भावनांचे घर पोटात दाखवले, ते उगाच नव्हे. भावना ही नुसती मनात नसते. ती शरीरात उतरते. छाती धडधडते, घशाशी आवंढा येतो, हातपाय गळतात, पोट आवळते.

या सगळ्या आतल्या खबरा मेंदूकडे जातात. भूक, तहान, श्वास, हृदयाचे ठोके आणि भावनेने होणारी कालवाकालव, या सर्वांची दखल घेण्यात मेंदूचा एक ठरावीक भाग मोठे काम करतो. एकाच टपाल कचेरीत साऱ्या गावाची पत्रे यावीत, तसे हे आहे. पत्ता नीट वाचता आला नाही तर काळजीचे पत्र भुकेच्या दारात जाऊन पडते.

शिवाय, काळजी दीर्घकाळ राहिली की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. त्याने गोड व तेलकट खाण्याची ओढ वाढते, आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. गोड खाल्ल्यावर थोडा वेळ खरोखरच बरे वाटते. हे बरे वाटणे काही मिनिटांचे असते. मुलाचा फोन आलेला नसतो, वाटणी मिटलेली नसते. मग पुन्हा डबा. असे महिनोन्‌महिने घडले की सवय पक्की होते, आणि पाऊलवाट जशी रोजच्या चालण्याने रुळते, तशी मनातून डब्यापर्यंतची वाट रुळते.

एक साधा हिशेब करा. दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर दहा चमचे म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर होते. महिन्याला दीड किलो. यातले दोन कप तरी तहानेसाठी नव्हे, तर ‘डोके तापले म्हणून’ किंवा ‘करमत नाही म्हणून’ घेतलेले असतात.

४. सगळेच वजन मनामुळे नसते

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जाड माणूस दिसला की ‘याच्या मनात काही तरी आहे’ असे म्हणू नये. वजन वाढण्याची कारणे अनेक. काहींच्या घराण्यातच तशी ठेवण असते. थायरॉइड ग्रंथी मंदावते. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनी वजन वाढते. झोप अपुरी झाली तर भूक वाढते. आणि आपल्या शेतकऱ्यांच्या बाबतीत एक मोठे कारण म्हणजे कष्ट बदलले. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, जात्याची गिरणीने, विहिरीवरच्या खेपांची नळाने. हे चांगलेच झाले. पण पोटात जाणारा भात आजोबांच्या वेळचाच राहिला. त्यात बेकरीचे पदार्थ, पाकिटातले फरसाण आणि थंड पेये यांची भर पडली.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. लठ्ठपणा हा शहरातल्या शेटजींचा आजार, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे.

आपले वजन कितपत योग्य, हे घरी पाहता येते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. आपल्या देशातील डॉक्टर २३ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. २५ आणि त्यावर लठ्ठपणा धरतात. उदाहरणार्थ, १ मीटर ५५ सेंटीमीटर उंचीच्या बाईचे वजन ५५ किलोपर्यंत असावे. ६० वर गेले की जपावे. त्याहून सोपी खूण कंबरेची. शिंप्याकडची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. पोटावरची चरबी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांना बोलावून आणते.

पुष्कळ कारणांपैकी भावना न ओळखणे हे एक कारण. पण ते असे आहे की त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि ते राहून गेले तर पथ्य टिकत नाही. ज्या बाईला आपण का खातो हेच कळत नाही, तिला ‘कमी खा’ असे सांगून काय उपयोग? बांध कोठे फुटला ते न पाहता नुसते पाणी उपसण्यासारखे ते आहे.

५. हन्नाची गोष्ट

जुन्या करारात शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी हन्नाची हकिकत आहे. तिला मूल नव्हते. सवत पनिन्ना तिला टोचून बोले. दरवर्षी शिलो येथे यज्ञाच्या सणाला सारे कुटुंब जाई, आणि तेथेच हन्नाचे रडे फुटे व अन्न गळ्याखाली उतरत नसे. तिचा नवरा एलकाना भला माणूस होता. तो तिच्या वाट्याचे तिला प्रेमाने देई, समजूत घाली, आणि मी तुला पुष्कळ मुलांपेक्षा अधिक नाही का, असे विचारी. पण ताटाने आणि समजुतीने तिचे दुःख हलले नाही.

मग ती उठून मंदिरात गेली आणि देवापुढे मन मोकळे केले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. याजक एलीला वाटले, बाई दारू प्यालेली आहे. तेव्हा हन्नाने त्याला स्पष्ट सांगितले की आपण प्यालो नाही, आपण फार दुःखी आहोत आणि तेच देवापुढे ओतत आहोत. एलीने तिला शांतीने निरोप दिला. त्यानंतर ती परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही.

ध्यानात घ्या, त्या वेळी शमुवेल जन्मलेला नव्हता. तिची परिस्थिती काडीमात्र बदलली नव्हती. बदलले ते एवढेच की तिने आपल्या दुःखाला दुःख म्हटले, देवापुढे म्हटले आणि एका माणसापुढे म्हटले. हन्नाची भूक दुःखाने मेली होती. आपल्यापैकी काहींची दुःखाने वाढते. दोन्हींचा दोर एकच. दुःखाला शब्द मिळाला की अन्नाला त्याची जागा परत मिळते.

एलीच्या चुकीतूनही शिकावे. त्याने बाईकडे पाहिले आणि निवाडा केला. आपणही जाड माणसाला ‘खादाड’, ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो, मुलांना टोपणनावे ठेवतो. खादाडपणा हे पाप आहे, हे ख्रिस्तसभा शिकवते; पण जाड अंग हा खादाडपणाचा पुरावा नव्हे. चेष्टेने कोणी बारीक होत नाही; उलट लाजेने माणूस लपून खाऊ लागतो.

६. संत इग्नेशियसकडून एक धडा

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हे मुळात शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते घरी अंथरुणाला खिळले. पडल्या पडल्या ते कधी शौर्याची, मानमरातबाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांची चरित्रे वाचून आपणही तसे जगावे असा विचार करीत. दोन्ही विचार करताना बरे वाटे. पण पहिल्या विचारानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर प्रसन्न राही. हा फरक एके दिवशी त्यांच्या लक्षात आला, आणि तेथून त्यांची मनाची हालचाल ओळखण्याची साधना सुरू झाली. रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत त्यांनी पुढे आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात घालून दिली. १५४८ साली पोपमहोदयांनी त्या पुस्तकाला मान्यता दिली.

त्या पुस्तकात खाण्यापिण्याविषयीही आठ नियम आहेत. त्यांतला एक शेतकऱ्याला पटेल असा आहे : पुढच्या जेवणात किती घ्यायचे हे भूक नसताना, म्हणजे जेवण झाल्यावर, ठरवावे. बाजारात उपाशी पोटी गेलेला माणूस जास्त खरेदी करतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

७. घरी करावयाचा अभ्यास

आता सात दिवसांचा अभ्यास सांगतो. यात वजन करायचे नाही आणि पथ्यही पाळायचे नाही. केवळ ओळखायचे आहे.

पहिली पायरी, थांबणे. जेवणाची वेळ नसताना हात डब्याकडे गेला तर आधी हात धुवा, एक पेला पाणी प्या आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. शेवटचे कधी जेवलो? पोट रिकामे आहे, की छाती भरलेली आहे? आता भाकरी आणि भाजी दिली तर चालेल का? पोटाची भूक हळूहळू चढते, जेवणानंतर तीन-चार तासांनी येते, आणि तिला भाकरीही गोड लागते. मनाची भूक एकाएकी येते, आणि तिला कुंदाच हवा असतो, नाही तर फरसाणच. भाकरी चालत असेल तर खुशाल खा. चालत नसेल तर पुढच्या पायरीवर जा.

दुसरी पायरी, नाव देणे. ‘बरे वाटत नाही’ हे नाव नव्हे. मराठीत नावांची वाण नाही : काळजी, धास्ती, राग, चीड, हेवा, लाज, रुखरुख, हुरहुर, घालमेल, कंटाळा, उदासपणा, एकटेपणा, अपमान, थकवा. यांतले कोणते? कळत नसेल तर शरीराला विचारा. डोके तापले आणि दात आवळले तर बहुधा राग. पोटात गोळा आणि तळहाताला घाम, तर धास्ती. घशाशी आवंढा, तर दुःख. अंग जड आणि डोळे मिटू लागले, तर तो थकवा. त्याला जेवण नको, झोप हवी. पहिल्या दिवशी चुकेल. नवीन बैल जोताला लावला म्हणजे लगेच सरळ चालत नाही.

तिसरी पायरी, ज्याचे त्याला देणे. काळजी असेल तर ज्याची काळजी त्याला फोन करा. राग असेल तर घोट गिळू नका. थोडे चालून या आणि मग शांतपणे बोला. एकटेपणा असेल तर शेजारणीकडे जा, महिला मंडळाच्या बैठकीला जा. जे बदलणे हाती नाही, रात्रीतून गव्यांनी भात तुडवले किंवा अवकाळी पाऊस झाला, ते हन्नासारखे देवापुढे त्याच्या नावानिशी सांगा. ‘देवा, मला बरे कर’ यापेक्षा ‘देवा, मला हप्त्याची भीती वाटते’ ही प्रार्थना अधिक खरी आहे.

चौथी पायरी, वहीत लिहिणे. दूध घालायला जाता तेव्हा सोसायटीच्या वहीत सकाळ-संध्याकाळ लिटर आणि फॅट लिहितात ना? तशीच वही आपली करा. वेळ, काय खाल्ले, त्याआधी काय घडले आणि काय वाटत होते, असे चार रकाने आखा. लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहवून घ्या. त्यालाही शिक्षण होईल. रात्रीच्या प्रार्थनेआधी वही वाचा. सात दिवसांत दिसेल की डबा ठरावीक वेळीच उघडतो आणि ठरावीक भावनेनेच उघडतो. तेथेच बांध फुटलेला आहे.

याबरोबर दोन साध्या गोष्टी पाळा. उभ्याने किंवा टीव्हीसमोर खाऊ नका. बसून, वाढून घेऊन, सावकाश खा. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. दुसरे, दिवसभर उपाशी राहू नका. सकाळपासून काही न खाता रात्री दुप्पट खाणे, हे उपवासकाळातही पुण्याचे नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपवास करू नये.

८. लेकरांच्या बाबतीत

मूल रडले की हातात बिस्किट देणे सोपे असते, कारण ते गप्प बसते. पण त्याचे कारण शोधा. ते ओले आहे का, झोप आली आहे का, घाबरले आहे का, नुसती कुशी हवी आहे का? भूक असेल तर जरूर खायला द्या. नसेल तर जे हवे ते द्या, आणि त्याला शब्दही द्या : ‘कुत्रा भुंकला म्हणून बाळ घाबरले होय?’ असे ऐकत वाढलेल्या मुलाला भीती ही भीती म्हणून ओळखता येते. मुलग्यांना ‘पुरुष रडत नाहीत’ असे सांगू नका. आज ज्याला रडायला मनाई, तो उद्या तिठ्यावर बसतो. चांगले गुण मिळाले म्हणून पेढा आणि पडला म्हणून चॉकलेट, ही सवयही जपून लावा. शाबासकीची थाप आणि जवळ घेणे बिनखर्चाचे आहे.

यात सगळा दोष आईच्या माथी मारू नये. डॉ. ब्रुख यांच्या मतावर पुढच्या संशोधकांनी हीच टीका केली. मूल सर्व घराचे असते. आजी, आजोबा आणि बापही खाऊ देतात. शिवाय शरीराची ठेवण आईच्या हाती नसते.

९. डॉक्टरांकडे केव्हा जावे

कारण नसताना थोड्या महिन्यांत वजन झपाट्याने वाढले, अंगाला सूज आली, फार थकवा किंवा थंडी वाजू लागली, तर रक्त तपासून घ्या. खाण्याचा झटका येतो, हात आवरत नाही, नंतर लाज वाटते आणि हे आठवड्यातून एकदा तरी, महिनोन्‌महिने चालले आहे, तर हा उपचार होऊ शकणारा विकार आहे. २०१३ सालापासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतंत्र स्थान आहे. लाजू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, किंवा जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर त्याच दिवशी घरच्यांना व डॉक्टरांना सांगा. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. फादरांशी बोलल्याने मन हलके होते. पण पापनिवेदन हे औषधाच्या जागी नव्हे, आणि औषध हे पापनिवेदनाच्या जागी नव्हे. दोन्ही देवाचीच देणगी.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात राग आला की कोण बोलतो, कोण गप्प बसतो, आणि कोण खातो?
२. घरातल्या प्रत्येकाने गेल्या आठवड्यातील एक भावना तिच्या नावानिशी सांगावी. ‘बरे’ आणि ‘वाईट’ हे शब्द वापरायचे नाहीत.
३. एलकानाने हन्नाला आणखी काय विचारायला हवे होते?
४. आपल्या वाडीत वजनावरून कोणाला चिडवले जाते का? आपण त्यात सामील आहोत का?

बंधुभगिनींनो, गोठ्यात मुक्या जिवाची हाक ओळखणारे आपले कान, आपल्याच अंगणात बहिरे राहू नयेत. हन्नाचे हलणारे ओठ ज्या प्रभूने ऐकले, तो आपल्याही न बोललेल्या गोष्टी ऐकतो. त्या बोलायला तो आपणांस शब्द देवो, आणि त्याने दिलेली भाकरी आनंदाने व बेताने खाण्याची बुद्धी देवो.